चारही

मोंढ्याच्या कोपऱ्यावर दुकान: रियाज साउंड सर्व्हिस.
रियाज माझा थोरला. मी मुख्तार.
मुख्तार म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे तो.
अब्बांनी नाव ठेवलं तेव्हा
त्यांच्या हाती दोन कर्णे होते, एक बॅटरी
आणि उसनी सायकल.

सेलूत ज्याला कुणाला मोठ्यानं बोलायचं होतं
तो आमच्याकडून बोलला.
सप्ता, उरूस, भीमजयंती, सगळे झेंडे,
सरकीचं बियाणं, हरवलेली शेळी.
भाडं घ्यायचं, बाजू नाही, अब्बा म्हणायचे.
आणि दर ईदेला तीच गोष्ट:
आणीबाणी ढिली झाली त्या साली
एका रात्रीत तीन सभा, एकाच बॅटरीवर,
तिसरीत आवाज मेला
तरी माणूस हलला नाही.
आम्ही खिरीत चमचा फिरवत हसायचो.
अब्बा वाढवून सांगतात.

औंदा गायरानाला कुंपण पडलं.
पाटीवर हसरा सूर्य,
खाली: देशाच्या विकासासाठी,
त्याच्या खाली: आत येण्यास सक्त मनाई.
कंपनी कुणाची, तहसीलला ठाऊक नाही.
तिची मालक दुसरी कंपनी, दुसरीची तिसरी,
तिसरीचा मालक फोटोत असतो,
दिल्लीत, खुर्चीच्या जवळ.
गुरं मात्र जुन्याच वाटेनं जातात
आणि तारेपाशी उभी राहतात.

अनसूया टेकाळे आल्या, रिटायर नर्सबाई,
निम्म्या सेलूच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण.
'रविवारी सभा आहे. दोन कर्णे पुरेत.'
पाचशेची नोट ठेवली,
नोटेला कनवटीची घडी होती.

संध्याकाळी फोन आला. साहेबांचा नाही,
साहेबांच्या भाच्याचा.
'मुख्तारभाई, तब्येत? रियाजचं लायसन झालं का?
पुढच्या महिन्यात साहेबांची सभा आहे,
तुमचंच नाव डोक्यात आहे.'
एवढंच.
मी ते बोलणं रात्रभर उलटून पाहिलं,
त्यात एकही वाईट शब्द सापडला नाही.

'बाई, ॲम्प्लिफायर जळाला.'
त्यांनी फळीकडे पाहिलं. फळीवर चार होते.
'चारही?'
'चारही.'
'बरं,' म्हणाल्या,
आणि पाचशे परत न घेताच गेल्या.

रविवारी मी समोरच्या हॉटेलात,
चहाला पाठ करून.
बाई बोलत होत्या
वॉर्डात रात्री बोलतात तशा.
मागून कुणीतरी ओरडलं, ऐकू येईना!
'मग पुढं सरका की.'
सत्तर-ऐंशी माणसं सरकली,
मागची सतरंजी उघडी पडली
आणि पुढं गुडघ्याला गुडघा.
साध्या कपड्यातला पोलीस मोबाइल धरून उभा होता.
त्यालाही ऐकू येईना.
तोही सरकला.

साहेबांच्या सभेला हैदराबादहून इव्हेंट कंपनी आली,
दोन ट्रक, आगगाडीच्या डब्याएवढा पडदा.
मला काम मिळालं: खांबावरचे माझेच कर्णे उतरवायचे,
तीनशे रुपये, फोनवर टिंग.
मैदान भरलं होतं.
आवाज इतका की छातीत वाजत होता,
पडदा कुठूनही दिसत होता,
कुणालाच जागचं हलावं लागलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढून एक मशीन लावलं.
हॅलो, हॅलो. वन, टू, थ्री.
पुढं काय म्हणायचं
ते मला कधी लागलंच नव्हतं.

काल बाई मेडिकलपाशी भेटल्या,
हातात बीपीच्या गोळ्या.
'जळालेलं झालं का नीट?'
'एक झालाय.'
'मग रविवारी आण. भाडं तुझ्याकडंच आहे.
पण आवाज बेतानं ठेव बाबा,
लोकं आता कुठं जवळ बसायला शिकलीत.'