चार हजारांपाशीचा खड्डा

तापकीर गल्लीत, लोंबत्या वायरींखालून वाकून
त्या पोराला म्हणालो, गाण्यासाठीचा फोन दाखव.
इरफान तांबोळी त्याचं नाव. म्हणाला,
काका, गाणी सगळ्यांतच वाजतात.
वाजतात रे, म्हटलं. ऐकायचंय.

मग त्यानं काउंटरखालून काढला.
जाडसर, खिशात फरशीचा तुकडा ठेवल्यासारखा.
हेडफोनचं भोक शाबूत.
आत आवाजासाठी वेगळी चिप,
दुसऱ्या कुठल्या कामाला हात न लावणारी.
सोवळ्यातली म्हण की.
कॅमेरा मात्र यथातथाच, काका.
मला कुणाचे फोटो काढायचेत?
व्हीआरएसमधलं उरलंसुरलं मोजून दिलं.
निघताना म्हणाला, हा आधी कानाची परीक्षा घेतो. घाबरू नका.

भोसरीत घरी, पंखा बंद करून
बसलो परीक्षेला.
टूं ऐकू आलं की बोट टेकवायचं.
टूं. टेकवलं.
टूं. टेकवलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
वाटलं, फोन विचार करत असेल.
सई शेजारी बसलेली, हळूच म्हणाली,
बाबा, वाजतंय ना.
मला इथवर येतंय.

फोननं माझ्या कानांचं चित्र काढलं.
डावी रेघ निळी, उजवी लाल,
दोघी सपाट चालत आल्या
आणि चार हजारांपाशी एकदम खाली,
बसच्या मागच्या सीटवर पोटात येतो
तसा खड्डा.

हा खड्डा मी ओळखतो.
दीडशे टनी पॉवर प्रेस, जे ब्लॉक,
मिनिटाला चाळीस ठोके, सव्वीस वर्षं,
स्कूटरचे मडगार्ड.
कानात कापसाचे बोळे, तेही आम्हीच आणायचो,
घरच्या गादीतून उपसून.
तुळशीराम गव्हाण्याची दोन बोटं गेली
तेव्हा पेरं मोजून भरपाई मिळाली,
त्यात त्यानं पत्र्याची खोली बांधली.
माझं काय गेलं
ते मोजायला कुणी आलं नाही.

मलाही कुठं कळलं होतं.
मंडईत बाई साठ म्हणायची, मी आठ ऐकायचो
आणि दहाची नोट पुढे करून
सुट्ट्याची वाट बघत उभा राहायचो.
आधी स जातो. मग श. मग फ.
डिसेंबरच्या थंडीत, सगळ्यात मागच्या सतरंजीवर
रात्र रात्र गाणं ऐकलंय मी,
तिथूनच पहिल्या पाळीला गेलोय, डबा न घेता.
आणि आज हे समजतंय
की शेवटची कित्येक वर्षं
तिकडून सा लागायचा
आणि माझ्यापर्यंत आ यायचा.
दाद दिली की मी. मानही हलवली,
अगदी समेवर.

फोननं विचारलं, भरून काढू?
काढ म्हटलं.

रेकॉर्डिंग जुनंच, कामगार मंडळाच्या बैठकीचं,
गाणाऱ्या मुक्ताबाई जगदाळे.
तंबोरा सुरू झाला
आणि तारेतून आणखी एक तार सुटली,
लेथवरून निळसर कीस
गोल गोल वळत सुटतो तशी.
मागे कुणीतरी बांगडी सारली,
कुणीतरी पानाचा देठ खुडला, तोही आला.
मग बाईंनी सा लावला.
होता त्यात स.
दातांच्या फटीतून निघालेला, बारीक, ओलसर,
काठ असलेला.
मी मागे नेऊन परत लावला.
परत.
परत.
सई वैतागली, पुढे जाऊ द्या की आता.

हेडफोन काढले.
खोली पुन्हा गादीत गुंडाळल्यासारखी.
सई ओट्याकडून काहीतरी विचारत होती,
पाठमोरी,
भांड्यांच्या पलीकडून आलं तेवढं आलं:
चहात आखर किती?

दोन चमचे, म्हटलं.
स माझ्याजवळचा घातला.