तिप्पट

ओसाबा चोमिनला लाल ठिपका गोल दिसतच नाही.
काचेतलं ते बारीक तेज
त्याच्या वाकड्या बुबुळात शिरलं की त्याला शेपूट फुटतं,
स्वल्पविराम होतो.
"माझी बंदूक वाक्यच संपवत नाही," म्हणतो,
आणि मागच्या लोखंडी भोकातून, डोळा बारीक करून,
शेपूट छाटतो त्याचं.

माझे डोळे चांगले. मला पूर्णविराम दिसतो.

भिंग मी बॉयसीच्या दुकानातून आणलं,
पानगळीत कोकरं विकून आलेल्या पैशांतलं.
बिजागरीवर बसवलेलं आखूड नळकांडं:
हवं तेव्हा ठिपक्याच्या मागे, नको तेव्हा बाजूला,
खट्, कडी लागावी तसं.
ओसाबाने तळहातावर तोललं. "पाव किलो तरी भरेल.
नेम तिप्पट होतो का याने?"
नेम नाही होत. कोयोट तिप्पट होतो, ठिपकाही तिप्पट,
हाताची थरथरही.
ठिपका आधी जेवढं झाकायचा तेवढंच झाकतो.
"मग वाढलं काय?"
"दिसणं," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. दुर्बीण त्याच्या गळ्यात होती.

मार्चअखेर, मेंढ्या विण्याचे दिवस.
तीन रात्रींत नऊ कोकरं गेली.
चौथ्या पहाटे मी वॅगनच्या पायरीवर गुडघा टेकला.
सेजच्या झुडपांवर दंव, उजेड अजून पाणी घातलेल्या दुधासारखा.
दीडशे यार्डांवर काहीतरी तपकिरी,
वाकलेलं,
मेलेल्या कोकरावर.

ठिपका त्याच्यावर गेला. ठेवावा नाही लागला,
माशी बसते तसा बसला.
सेफ्टी कुठे होती ते आठवत नाही.
आठवतं.
डाव्या हाताने भिंग आत लोटलं.
खट्.

एदिलबेर्तोचा खांदा.

तपकिरी कोट, कोपरावर निळ्या दोऱ्याने शिवलेला.
तो दोरा मीच दिला होता.
मेलेल्या कोकराचं कातडं तो सोलत होता,
झोपलेल्या बाळाचं अंगडं काढावं तसं, एकेक पाय सोडवत,
आणि एका पोरक्या कोकराला चढवत होता,
मेंढीला वास ओळखीचा यावा म्हणून.
ओठ हलत होते. केचुआत काहीतरी, मेंढीशी.
तीन वर्षं एका टेबलावर जेवतो आम्ही.
इतक्या जवळून मी त्याला पाहिलं नव्हतं.
आणि या सगळ्यावर माझा पूर्णविराम,
माझ्या श्वासाबरोबर वर, खाली.

आधी बोट काढलं, मग डोळा.
नळीतली गोळी बाहेर पडली,
पायरीवरून घरंगळत उरल्यासुरल्या बर्फात गेली.
शोधली नाही.

न्याहारीला त्याने माझ्या कपात कॉफी ओतली.
ओसाबाने माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या बंदुकीकडे,
आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली.
"कोण आहे ते याला विचारायचं," एवढंच म्हणाला.
"तिला नाही."

एदिलबेर्तोला वाटलं, आम्ही भाव करतोय.
"ती नळी कशाची?" त्याने विचारलं.
मी उठून भिंग बंदुकीवरून सोडवलं.
ठिपका तिकडेच राहिला.
हातात नुसती काच उरली, थंड, त्याला दिली.
दारात उभं राहून त्याने आधी उलटं धरलं, मग सुलटं,
भुवई टेकवून बराच वेळ.

"लागलं थानाला," म्हणाला. "चाटतेय त्याला."
"कुठे? बघू."
त्याने भिंग डोळ्यापासून हलवलं नाही.
"थांब," म्हणाला,
"थांब जरा,