बद्द

योहवीच्या सरकारी रोजगार कचेरीत, तिसऱ्या टेबलाशी
सावेली बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली
आणि 'कौशल्ये' या रकान्यात लिहिलं : काही नाही.

एकतीस वर्षं जळत्या दगडाच्या खाणीत.
खाण मार्चमध्ये मिटली. पंप बंद आहेत,
खाली पाणी चढतंय म्हणे, बोटबोट.

आमच्याकडे आता एजंट आहेत, खुर्ची न लागणारे.
रात्री ते जाहिराती चाळतात, अर्ज भरतात,
तीन भाषांत पत्रं लिहून सकाळी माझ्यापुढे ठेवतात.
मी त्यातलं 'सस्नेह' तेवढं खोडते.
(गोदामाच्या मॅनेजरला सस्नेह कोण लिहितं?)
पूर्वी एका माणसाच्या वाट्याला माझी अकरा मिनिटं यायची,
आता चाळीस येतात.
याच हिशोबानं एक दिवस माझं टेबलही
कुणाच्या तरी यादीत चढेल.
कॉफी घेताना आम्ही त्यावर बोलत नाही.

एजंटनं सावेलीला विचारलं, रशियनमध्ये, सावकाश :
सकाळी खाली उतरलात की पहिलं काम काय?
छत वाजवायचं, तो म्हणाला.
पहार घ्यायची, हात वर करायचा, टक्, टक्.
खणखणीत वाजलं तर पुढे व्हायचं.
बद्द वाजलं तर आधी पोरांना मागे ढकलायचं,
कारण नंतर सांगायचं.
किती वेळा बद्द वाजलं?
मी नाही मोजलं. जे मागे सरले त्यांना विचारा.

पडद्यावर बराच वेळ काही उमटलं नाही.
मग माझ्या नावानं ओळी आल्या :
'मारेतबाई, यांना जे येतं त्याला माझ्या यादीत शब्द नाही.
जवळचा शब्द सुरक्षा-निरीक्षण. तो घातला तर
हे हजारांत हरवतील. तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?'

वीस वर्षं मी माणसांना जवळच्या शब्दांत कोंबत आले.
वेल्डर. ड्रायव्हर. इतर.

काय बोलावं सुचेना, म्हणून खिडकीतली कुंडी पुढे केली.
त्यानं बोटाच्या पेरानं दोनदा वाजवली,
कानही जवळ नेला नाही.
तळाशी चीर आहे, म्हणाला. हा हिवाळा काढणार नाही.
वरून मला काहीच दिसत नव्हतं.

दोन दिवसांनी एजंटनं एक जागा आणली :
समुद्रकाठच्या पवनचक्क्यांची पाती तपासणारी कंपनी.
पाती तिथे अजून हातोडीनं वाजवून बघतात,
आतली पोकळी आवाजात कळते.
अट एकच, एस्टोनियन यायला हवी, निदान मधल्या पातळीची.
सावेली हसला. जन्म इथलाच माझा, म्हणाला,
पण मी अडखळलो की समोरचा रशियनवर येतो.
दयेनं येतो की घाईनं, कोण जाणे.

एजंट रशियनवर येत नाही.
रात्री अकराला, स्वयंपाकघरात, बायको झोपल्यावर,
चौदाच्या चौदा विभक्त्या घोटून घेतो.
सावेली चुकला की थांबतो.
थांबणं त्याला परवडतं, मला वाटायचं;
मग वाटलं, मला का नाही परवडलं?

परीक्षा झाली. निकाल नाही.
कंपनीला चाळिशीच्या आतला हवा असेल,
जाहिरातीत तसं नाही, तसं कुणी लिहीत नाही.
हे एजंटला मीच सांगितलं. त्यानं नोंद केली
आणि सावेलीला कळवू का, विचारलं. मी म्हटलं, मी सांगेन.
अजून सांगितलेलं नाही.

काल निघताना त्यानं माझं टेबल वाजवलं, सहज.
कुंडीखाली मी बशी ठेवलीय, तिच्या शेजारीच.
काय म्हणतंय, मी विचारलं.
टोपी घालता घालता तो एस्टोनियनमध्ये बोलू लागला,
दुसऱ्याच शब्दाशी विभक्ती चुकली,
थांबला, शोधू लागला.

मी रशियनवर आले नाही.