चहाचं बेट

सुट्टी लागून अकरावा दिवस,
आणि घरात बोंब उठली : चाचे आले!
शेजारून मुनीर चाचांनी मान काढली,
हातात कूलरची मोटार, दातांत स्क्रू.
"आलो, आलो. काय बिघडलं?"

आता त्यांना कसं सांगावं,
समुद्रावरच्या दरोडेखोरांनाही
आपल्यात चाचाच म्हणतात.
ते हसले, लई हसले,
"मग मी तर जन्माचाच की!"
आणि दुकानातलं मोठं खोकं देऊन टाकलं.
त्यावर छापलेलं : ही बाजू वर.
शर्विलनं ते आडवं केलं. जहाज झालं.

कूलरच्या जुन्या गवताची दाढी.
वास मारायली होती,
पण अलमास म्हणाली, समुद्राला असाच येत असंल.
आमच्यातल्या कुणीच तो हुंगलेला नाही.
सेलूहून समुद्र म्हणजे रेल्वेची अख्खी रात्र,
आणि आमच्या नळाला पाणी नवव्या दिवशी.

मी मशीनवर. चिंध्यांच्या पिशवीची
लूट आधीच झालेली.
अस्तराच्या काळ्या तुकड्यांना इलॅस्टिक लावून
डोळे मीच झाकून दिले :
एकाचा डावा, एकीचा उजवा,
धाकट्या मुंजाला दोन्ही झाकायचे होते.
"तुला दिसंल कसं रे?"
"मी झोपलेला चाचा हाय."

नकाशा : वहीचं पान चहात बुडवून
तव्यावर शेकलेलं, कडा दातांनी कुरतडलेल्या.
माठापासून सात पावलं. मोरीला वळसा.
मशीनखाली मगरी
(म्हणजे माझे पाय).
आणि कुठंतरी च्यवनप्राशच्या डब्यात
चिंचोके, हुक, बंद झालेले पंचवीस पैसे.

मी गिरणीतून दळण घेऊन आले
तर मधल्या खोलीत समुद्र.
मोरपिशी, कूलरच्या वाऱ्यावर हलणारा,
भिंतीपासून भिंतीपर्यंत.
खरं सांगते, क्षणभर मी डोक्यावरचा डबा
तसाच धरून बघत राहिले.

मग काठ ओळखला.
वालूरकर वहिनींची साडी. फॉल-पिकोला आलेली.
उद्या पुतणीचं लग्न.

आणि समुद्राच्या मधोमध, बशीएवढं,
चहाचं.
कुणी बोलेना. डोळे झाकलेल्या मुंजानं विचारलं,
"बेट लागलं का?"

लिंबू झालं, सोडा झाला,
आठव्या दिवसाच्या पाण्यातली अर्धी बादली झाली.
बेट फिकं पडलं, बुडालं नाही.
मुनीर चाचांनी साडी उजेडात धरून पाहिली :
"मोटार असती तर नवीन गुंडाळून दिली असती."

गुंडाळून.
मी साडी पुन्हा पसरली, टेप घेतला,
खोचायच्या टोकापासून मोजत गेले.
डाग बरोबर चौथ्या निरीच्या पोटात जात होता.

संध्याकाळी वहिनी आल्या.
"निऱ्या घालून, टाचूनच ठेवल्यात बघा,
सकाळी घाई नको तुम्हाला."
पैसे घेतले नाहीत.
"काहून गं?"
"लग्नघर हाय, राहू द्या."
"मोठ्या मनाची आहेस," म्हणाल्या,
आणि खोक्याच्या भोकातून
एकेक उघडा डोळा माझ्याकडं बघत होता.

रात्री लाइट होती, कूलर घरघरत होता.
तिघं जहाजात, पाय बाहेर.
चादर सरळ करताना नकाशा हाती लागला.
माठ, मोरी, मगरी, सगळं होतं,
आणि खाली लाल पेन्सिलीनं नवी फुली,
शर्विलच्या अक्षरात :
वालूरकर काकू, निरी नंबर चार.

फाडायला हवा होता.
घडी घातली,
च्यवनप्राशच्या डब्यात टाकला,
झाकण घट्ट लावलं.
डबा कुठं ठेवलाय ते
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.