पान दोनशे बारा

पुस्तकाचं नाव मला आजही सांगता येत नाही.
कव्हर माझ्याआधीच कुणीतरी वाचून संपवलेलं,
वर खानापूरच्या वाचनालयाचं लाल कापड
आणि पाठीवर शाईनं ११४७.
मी त्याला नंबरानंच ओळखतो,
लोंढ्याची माणसं गाडीला ओळखतात तसं.

आत एक पाणमांजर होतं. भोवरी तिचं नाव.
तीन पिल्लं, एक डोह,
आणि मासे धरणाऱ्यांचा कुत्रा काण्या.
त्याच्या फुटक्या डोळ्याच्या बाजूनं पोहत गेलं
की तो नुसता वारा हुंगत बसायचा.

नऊ वर्षांचा होतो. कौलांच्या कारखान्यामागं
माती काढून झालेले खड्डे पाण्यानं भरलेले,
तिथं पालथा पडून मी तासन् तास बघायचो.
बेडकं निघाली. एकदा एक चप्पल निघाली.

कार्डावर अकरा वेळा एकच नाव:
हलगेकर मो. य., हलगेकर मो. य.
इनास बार्देसकर शिक्का मारता मारता म्हणायचा,
"पाठ झालं असंल की रे आता,
दुसरं ने की एखादं."

पान दोनशे बारा, शेवटची ओळ:
भोवरीनं पाण्याबाहेर मान काढली आणि

पुढची पानं नव्हती.
शिलाईत कागदाची बारीक दातरं तेवढी.

त्या 'आणि'वर मी चाळीस वर्षं काढली.
दहावीला गणितात राहिलो आणि.
त्याच कारखान्यात कौलं मोजायला लागलो आणि.
जांबोटीची सुमित्रा घरात आली,
पहिल्याच महिन्यात विचारती झाली,
झोपेत एक, दोन, तीन काय मोजता?
कौलं, म्हटलं.
तिला खरं वाटलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही.

वाचनालयाच्या जागी झेरॉक्सचं दुकान झालं.
११४७ रद्दीत गेलं की कुणाच्या माळ्यावर,
कुणालाच ठाऊक नाही.

मिशनच्या दवाखान्यात, शिमग्याच्या आसपास,
इनास एकदम म्हणाला,
"ती पानं मीच फाडली होती.
आमचं पोर वाचून आठ दिवस जेवलं नाही.
तुझ्या कधी लक्षात आलं काय?"
काय होतं त्यात, विचारायला तोंड उघडलं
आणि त्यालाच दोन चमचे पेज भरवली.
परत येताना, बस गणेबैलला थांबली तेव्हा,
मला कळलं.
आठ दिवस जेवण सुटतं ते कशानं,
एवढं कळायला पानं लागत नाहीत.

आता नात. शाल्मला. कन्नड शाळेत तिसरीला.
तिची आई बैलहोंगलची.
पाणमांजर म्हणजे काय, विचारलं तिनं,
मी मोबाइलवर चित्र काढून दाखवलं.
"अय्य, हे नीरुनायी की आजोबा!
मांजर कुठलं, कुत्रं आहे ते. पाण्यातलं."

पंचावन्न वर्षं जिला मांजर म्हणून सांभाळली
ती एका मिनिटात कुत्रं झाली.
मी मिश्या बघितल्या. शेपूट बघितली.
दोघांचंही बरोबर होतं.

मग काण्याचं काय करायचं? तोही नायी, तीही नायी.
शाल्मला जरा वेळ नख चावत बसली.
"मग तो भुंकणार नाही," म्हणाली, "वासानं ओळखंल."
अकरा वेळा वाचून
हे मला सुचलं नव्हतं.

रोज रात्री थोडं थोडं सांगतो.
मी अडलो की ती कन्नडातून पुढं ढकलते,
ती पेंगली की मी मागचाच डोह परत पोहतो.
आज मात्र टाळता टाळता
दोनशे बाराव्या पानाशी आलोच.
काण्या काठावर. वारा त्याच्या बाजूचा.
पेजेची वाटी अजून हाताला गरम लागते.
भोवरीनं पाण्याबाहेर मान काढली आणि

"मत्त?"
गोधडीतून डोकं वर,
मान लांब, केस कपाळाला चिकटलेले.
"मत्त, आजोबा?"

थांब, म्हणतो, चष्मा कुठं ठेवला बघू दे.
उशीखाली सापडतो. पुसतो. घालतो.
हातात पुस्तक नाही
हे दोघांनाही दिसतंय.