जाळी

वीज गेली की इथे कुणी दचकत नाही.
म्फांडे सिस्टर मोबाइलचा उजेड धरते
आणि मी सोलायला घेतो.
मांडी लुसुंगूची. वय एकोणीस.
सुरा माझ्याहून जुना,
पातं आज चौथ्यांदा उकळलेलं.
तेलाचं बोट फिरवायचं, मग हात न थांबवता
कांद्याच्या पापुद्र्याइतकं उचलायचं.
जाड निघालं तर मांडीलाच नवी जखम,
पातळ निघालं तर चिमटीत नुसता लगदा.

चुलीपाशी फेफरं आलं तिला.
घरात पाच माणसं होती.
शिवलं तर आपल्यालाही लागतं म्हणतात,
म्हणून ती थांबेपर्यंत कुणी ओढलं नाही.
मी रागावलो नाही.
रागावलो. पण केसपेपरवर
फक्त टक्के लिहायला जागा असते.
अठरा.

कातड्याला भोकं पाडायचं यंत्र
मी एका कंपनीच्या कॅलेंडरात पाहिलंय.
आमच्याकडे आंब्याची फळी आहे
आणि अकरा नंबरचं पातं.
एक चीर, जरा जागा, एक चीर,
खालच्या ओळीत अर्धं सरकून पुन्हा.
मग ताणलं की एका तळहाताचे दोन होतात.
शंभरापर्यंत मी मोजतो,
पुढचं बोटं बघून घेतात.

दाराच्या काचेला नाक लावून तिचा भाऊ, खुंबो.
सरोवरावर जाळी दुरुस्त करतो.
बाहेर आलो तर म्हणाला,
उसिपाला इतके मोठे डोळे ठेवत नाहीत,
मासा निसटतो.
म्हटलं, निसटायलाच ठेवलेत.
खाली पाणी साचलं, रक्त साचलं
की वरचं सगळं तरंगतं, धरत नाही.
तो बराच वेळ आपली बोटं बघत राहिला.
मग म्हणाला, त्या पाचांत मी होतो.

पाचव्या दिवशी पट्टी सोडताना
आधी नाक पुढे करायचं, डोळे नंतर.
वास नव्हता.
कोपराकडचा तुकडा काळा पडलेला, काढून टाकला.
बाकी गुलाबी,
प्रत्येक डोळ्याच्या कडा आत सरकायला लागलेल्या.
हे खवल्यांसारखं असंच राहणार?
लुसुंगूनं विचारलं.
हो, म्हटलं.
तिनं मान वळवली. भिंतीकडे.

फेफऱ्याच्या गोळ्या संपल्यात.
ट्रक पुढच्या आठवड्यात येणार आहे
असं गेल्या महिन्यापासून आहे.
तोवर चूल तरी जमिनीवरून उचला,
मातीचा ओटा घाला, एवढंच सांगता आलं.
खुंबोनं खिशातून जाळ्याचा दोर काढला,
माझ्या कमरेपासून फरशीपर्यंत सोडला,
गाठ मारली.
स्वयंपाक काय डॉक्टर करणारेत?
म्फांडे सिस्टर खेकसली.
तिच्या कमरेवरून माप.

त्यानं गाठ सोडली,
दोर हातात धरून खाटेपाशी उभा राहिला
आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाला,
शिवू?