आकडा आणि गळ

एकवीस वर्षं मी बर्फ ओढतोय.
भुसावळला, मालधक्क्यामागच्या कारखान्यात
मिठाच्या पाण्यातून डबा वर येतो,
उलटा केला की लादी सुटते,
आणि लादीला आकडा मारून मी तिला
फळीवरून गाडीपर्यंत नेतो.
मासे मी पाहिले ते तिथेच.
आंध्रातून आलेले, थर्माकोलच्या पेट्यांत,
उघड्या डोळ्यांनी एका कुशीवर निजलेले,
वर माझा बर्फ, खाली माझा बर्फ.

थंडी पडली की आमचं काम गोठतं.
(हा विनोद मुकादमाचा, दर डिसेंबरात तोच.)
अर्धी पाळी, अर्धा पगार,
दुपारी तीनपर्यंत करायला काही नाही.
म्हटलं, नामदार तडवी,
एकदा मासा पाण्यातला पाहू.

स्टेशनसमोरच्या दुकानात काचेमागे
घडीची काठी होती, काळीभोर,
रीळ असं फिरे की हात आपोआप पुढे गेला.
दोन हजार दोनशे.
सेट आहे, म्हणाला, सोबत पिशवी फुकट.
पिशवी छान होती.
तिची चेन दोनदा लावली, दोनदा उघडली
आणि परत दिली.

रविवारच्या बाजारात गोजराबाई भोईण
लसणाच्या ढिगाशेजारी गोणपाटावर बसते.
तिचं दुकान म्हणजे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा:
गळ, शिशाचे मणी, तंगुसाची रिळं.
तिनं आधी माझे हात पाहिले.
"इतके दिवस काय धरत होता, भो?"
बर्फ, म्हणालो.
"मंग बरं. तुले थंडीचं सांगायले नको.
या दिवसांत मासा खाली बसतो, तोंड बारीक उघडतो.
मोठा गळ घेशीन तं नुसता पाण्याले दाखवायले."

मी तरी मोठ्याकडेच बोट केलं. सवय.
आमचा आकडा वीतभर असतो.
तिनं तळव्यावर ठेवला तो
भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा,
आणि तळवा इतका बधिर
की रक्त दिसलं तेव्हा टोचल्याचं कळलं.

पाच गळ, दोन रुपयाला एक.
तंगूस तीसचा. "जाड नको घेऊ,
जाड दोर मासा लांबून वाचतो."
शिसं दहाचं.
तरंग्याचे पैसे तिनं घेतलेच नाहीत:
"घरी तुटकी चप्पल असंन ना? काप."
आणि काठी?
"केळीच्या बागेत टेकू माग एखादा.
घड उतरल्यावर टेकूले कोन इचारते?"

शंभराच्या नोटेतले पन्नास परत आले
आणि घरापर्यंत मला वाटत राहिलं
आपण काहीतरी घ्यायचं विसरलोय.

हतनूरच्या फुगवट्याला सकाळी सहाला
हात माझे सरावलेले होते, पाय नाही.
तीन दिवस कणकेचे गोळे बुडवून आलो.
हसीना म्हणाली, यात चार पोळ्या झाल्या असत्या,
त्या कुठे लिहिल्यास?
चौथ्या दिवशी चपलेचा तुकडा,
निळा, डाव्या पायाचा,
एकदा मान हलवून खाली गेला.
मी ओढलं. लादी ओढतात तसं, खांद्यातून.
मासा डोक्यावरून मागे चिखलात जाऊन पडला.

चिलापी. तळहाताएवढी.
उचलली तर गार होती,
पण गारेगार माझ्या ओळखीचं ते हे नव्हतं.
एकवीस वर्षांत कुठल्याच माशानं
माझी मूठ आतून ढकलली नव्हती.
दचकलो. मूठ उघडली.
सोडली म्हणालो असतो तर शोभलं असतं,
सुटली.
उतारावरून दोन उड्या, पाणी,
तोंडात माझा गळ, मागे हातभर तंगूस.

त्या दुपारी पेटी भरताना
एका कटल्याचं तोंड उघडून पाहिलं.
गळाची खूण नव्हती. जाळ्यातला.
मुकादम ओरडला, बर्फ वितळतोय.

रविवारी गोजराबाईला सगळं सांगितलं.
किती मोठी होती, ते तिनं विचारलं नाही.
डबा उघडला, नखानं एक गळ वेगळा केला,
"मासा म्हंजे लादी नाही, भो. मनगटानं,"
आणि दोन रुपयांसाठी हात पुढे केला.